‘पलीकडे’चं पान

सर, आपल्या शब्दकोशातलं एक पान कोरं राहिलं आहे आणि ते तुमच्या हट्टापायी राहिलं आहे, हे आधी लिहून टाकते. बाकीची सगळी पानं तुमच्या प्रज्ञाने जाड दोऱ्याने बांधून कापडी पिशवीत भरली आहेत. नागपूरला परत जाताना ती पिशवी सोबत नेणार आहे. तिथल्या एका छापखान्याशी तिचं बोलणं झालं आहे. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक यायच्या आधी, तिने पिशवीतून हे एक पान वेगळं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"म्याडम, याचं काय करायचं ते तुमीच ठरवा. बाबा म्हनत होते, हे पान तुमच्यापाशी अटकलं हाये."

म्हणजे जाता जाता पोरीसमोर सगळा दोष माझ्या नावावर टाकून मोकळे झालात. तुमच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

पानावर तुमच्या अक्षरात एकच शब्द आहे: पलीकडे. त्याखाली वाक्य, बोलणारा, ठिकाण, गोळा करणारा आणि अर्थ, या सगळ्या ओळी रिकाम्या. अर्थाच्या ओळीवर मी पेन्सिलीने काहीतरी लिहून पुसलेलं अजून दिसतं. हा शब्द कोशात ठेवायचा की काढून टाकायचा, एवढंच ठरवायचं होतं. पण एवढ्याशा गोष्टीवर आपण कितीतरी महिने भांडलो आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात.

कार्यक्रमात तुमच्याबद्दल बरंच बोललं गेलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, आणि मग माईक हातात आला की माणसांचं जे होतं ते झालं. कोणी तुम्हाला दीपस्तंभ म्हणालं, कोणी ज्ञानाचा सागर. एकाने अजातशत्रू म्हटलं, म्हणजे ज्याला शत्रू जन्मलाच नाही असा. तुमच्याशी वर्षानुवर्षं न बोललेले दोघं पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. तुम्ही असतात तर उठून विचारलं असतं, "या शब्दाचा नमुना कुठं हाये?" मलाही बोलायला बोलावलं. मी गेले नाही. मला तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं.

आपण एकाच विषयाचे होतो असं पुष्कळांना वाटतं. सौंसरच्या एकाच शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात आणि मी वनस्पतिशास्त्र. स्टाफरूममध्ये तुमच्या टेबलावर ते बिनकव्हरचं जाडजूड पुस्तक पडलेलं असायचं. मला आधी वाटलं, काही धर्मग्रंथ असेल. तो लॅटिन-इंग्रजी कोश होता, पांढुर्ण्याला स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानातून तुम्ही उचललेला. कुठल्या काळचा, कोणी केलेला, कळायला मार्ग नाही, कारण सुरुवातीची पानंच गेलेली. प्रस्तावना नाही आणि ‘ए’चा एकही शब्द नाही. एकदम ‘बी’पासून सुरू. रेल्वेच्या कोण्या साहेबाच्या घरातून तो निघाला असावा, असा तुमचा अंदाज होता. माझा अंदाज असा की त्या साहेबाच्या पोराने ‘ए’च्या पानांची विमानं करून उडवली असणार.

एक दिवस तुम्ही विचारलंत, "म्याडम, तुमच्या झाडाइच्या नावात लॅटिन राह्यते ना? ‘ए’चे काही शब्द असतीन तं द्या ना मले." तिथून आपलं सुरू झालं. मी भुईआवळ्याचा अमारुस दिला, म्हणजे कडू. कुरडूचा अर्जेंटिया, चांदीसारखी. कुंभ्याचा आस्पेरा, खरबरीत. हरणखुरीचा आर्व्हेन्सिस, शेतातली. देशी कपाशीचा आर्बोरेउम, झाडासारखी. आणि आमचं अख्खं गाव ज्याच्यावर जगतं त्या संत्र्याच्या भावकीतला ऑरँटियम. कोशाच्या पहिल्या उरलेल्या पानाच्या समासात तुम्ही ते बारीक अक्षरात लिहून घेतलेत. तुमच्या लॅटिनचा ‘ए’ असा सगळा रानातला झाला. पुढे एकदा तुम्ही विचारलंत, मित्राला लॅटिनमध्ये काय म्हणतात, तोही ‘ए’तच आहे असं ऐकलंय. मी म्हटलं, त्या नावाचं झाड माझ्याकडे नाही. मोबाईलवर पाहू का म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात, तुमच्या ‘ए’मध्ये फक्त माझे शब्द असतात म्हणून. तो शब्द समासात आला नाही तो नाहीच.

रिटायर झाल्यावर सौंसरहून पांढुर्ण्याला बसने जाताना तुम्ही मला कोशांचा इतिहास ऐकवायचात. मंगळवार असला की बस जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांनी भरलेली, कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या मांडीवर लेकरू, आणि त्या गर्दीत तुम्ही इंग्लंडातल्या मठांमधल्या साधूंबद्दल बोलताय. लॅटिन पोथी वाचताना शब्द अडला की ते त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात आपल्या बोलीतला अर्थ लिहून ठेवायचे. पुढे कोणीतरी ते ओळींमधले अर्थ वेचून एका जागी मांडले आणि तिथून कोश निघाला. मग पोरांसाठी याद्या झाल्या, त्याही अक्षरांच्या क्रमाने नव्हेत. आधी आभाळ, मग अंग, मग घर, मग जनावरं. मग लॅटिन पुढे आणि इंग्रजी मागे अशी जाड पुस्तकं आली. शेकडो वर्षं इंग्रजी शब्द दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगायच्या कामावर होता. त्याचा स्वतःचा अर्थ विचारावा असं कोणाला वाटलं नाही.

"आपल्या बोलीचं तेच होऊन राहिलं," असं तुम्ही म्हणायचात. पोरं इंग्रजी शब्द शिकतात, आपलं राज्य हिंदीचं म्हणून त्याचा अर्थ पुस्तकात हिंदीत दिलेला असतो, आणि तो हिंदी अर्थ तुम्ही वर्गात घरच्या बोलीत सांगायचात तेव्हा कुठे त्यांना उलगडायचं. तो घरचा शब्द मात्र कुठल्याच पुस्तकात नसायचा.

नुसत्या इंग्रजीचे पहिले कोश निघाले तेही फक्त कठीण शब्दांचे. लॅटिन न शिकलेल्या बायका आणि अडाणी लोक यांच्या सोयीसाठी, असं ते लोक उघड छापायचे. हे सांगताना तुम्ही मोठ्याने हसलात. "मतलब तुमच्या-माझ्यासाठीच काढले ना ते." पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मीही हसले. तुमच्या आजोबांनी शाळेच्या बाहेर बसून धडे ऐकले होते आणि माझ्या आजीला तेवढंही मिळालं नव्हतं, हे आपल्याला दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर पुढे बोलणं झालं नाही, कारण जामसांवली आलं आणि उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली.

तुमच्या या वेडाचा फटका पोरांना बसला नाही असं नाही. ‘ऑफुल’ या शब्दात पूर्वी दरारा होता, आपोआप हात जोडले जावेत असा भाव होता, हे तुम्ही दहावीच्या वर्गाला रंगवून सांगितलंत. आता त्याचा अर्थ फार वाईट असा झाला आहे, हे सांगायच्या आत घंटा वाजली. तिमाही परीक्षेत आवडत्या ठिकाणावर निबंध आला आणि अर्ध्या वर्गाने लिहिलं की जामसांवलीचं हनुमान मंदिर अत्यंत ऑफुल आहे. आपले प्राचार्य दर शनिवारी जामसांवलीला जाणारे. त्यांनी तुम्हाला बोलावलं तेव्हा मी मुद्दाम हजेरीपट घेऊन आत गेले, ऐकायला मिळावं म्हणून. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोरं चुकले नाई सर. उलसे जुने झाले." जरासे जुने, यावर शेवटी प्राचार्यांनाही हसू आलं.

आपल्या बोलीच्या शब्दकोशाची कल्पना तुमची, कागद माझे. वाळवलेली झाडं चिकटवायचे जाड कागद प्रयोगशाळेतून टाकून देणार होते, ते मी घरी आणून ठेवले होते. त्यांच्या कोपऱ्यात चौकट छापलेली असते: झाडाचं नाव, ठिकाण, गोळा करणारा. आपण ‘झाडाचं नाव’ खोडून ‘शब्द’ लिहिलं. ठिकाणापुढे ‘जिल्हा छिंदवाडा’ आधीच छापलेलं होतं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तुम्ही प्रत्येक पानावर ते खोडून ‘पांढुर्णा’ लिहायचात, आणि ते लिहिताना तुमचा चेहरा पाहण्यासारखा असायचा.

नियम मात्र माझा. नमुन्याशिवाय नाव नाही, हे मी आयुष्यभर शिकवलं, तेच इथे लावलं. प्रत्येक शब्दाला एक वाक्य हवं, कोणीतरी सहज बोललेलं. विचारून काढलेलं चालणार नाही आणि आपल्या दोघांचं तर अजिबात नाही. ज्याने ऐकलं त्यानेच लिहायचं. तुम्ही कुरकुरलात, "हा तं फॉरेस्टवाल्याइसारखा नियम झाला," पण नंतर तुम्हालाच त्याची चटक लागली. ‘उलसाक’चा नमुना पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरने दिला: "उलसाक सरका, मंग सगळेच बसते." ‘भेदरं’, म्हणजे टोमॅटो, आणि ‘सांभार’ बाजारात मिळाले. सांभारापुढे कोथिंबीर लिहिणं भागच होतं, नाहीतर पुण्याकडचा वाचक सोबत इडली शोधेल. ‘वावर’ मी माझ्या भावाच्या तोंडून उचलला. तुम्ही बाजारात भाजी घ्यायचं सोडून कान देऊन उभे राहता, अशी तुमच्या घरी सुजातावहिनींची तक्रार होती.

भांडण सोप्या शब्दांवरून झालं. माझं म्हणणं, जे शब्द जाऊन राहिले तेवढेच घ्यावेत. घर, पाणी, इकडे, तिकडे कशाला? त्यावर तुम्ही पुन्हा जुन्या कोशकारांना मध्ये आणलंत. ते लोक सोपे शब्द सरळ सोडून द्यायचे, आणि घेतलेच तर कुत्र्या-मांजरापुढे सर्वांना माहीत असलेला प्राणी असं काहीतरी लिहून पुढे जायचे. मला त्यात चूक दिसेना. कुत्रा कोणाला माहीत नसतो?

"माहीत कोनाले?" तुम्ही म्हणालात. "ज्याच्या दारात बांधला हाये त्याले, का ज्याच्या अंगावर सोडला त्याले?"

चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला.

मग तुम्ही एक कोरा कागद ओढला, त्यावर ‘पलीकडे’ लिहिलंत आणि माझ्यापुढे सरकवलात. "याचा अर्थ सांगा."

आपण तुमच्या ओसरीवर बसलो होतो. तुमच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीचा पूल. जोराचा पाऊस झाला की रपट्यावरून पाणी वाहतं आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या काठावर उभे राहून ते उतरायची वाट पाहतात. एका अंगाला आमची कास्तकारांची घरं आणि संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला तुमची वस्ती, विहार आणि निळा झेंडा. मी जराही विचार न करता म्हटलं, "त्याच्यात काय हाये? पलीकडे म्हंजे नाल्याच्या या बाजूले."

बोलून झाल्यावर ते मला ऐकू आलं. तुमच्या ओसरीवर बसून मी तुमच्याच ओसरीला पलीकडे म्हणत होते. तुम्ही हसला नाहीत. "हं, लिहा," एवढंच म्हणालात. मी पेन्सिलीने लिहिलं: बोलणाऱ्यापासून दूरची बाजू. कुठेही, कोणालाही लागू पडेल असा अर्थ. तुम्ही तो दोनदा वाचलात. अर्थ बरोबर आहे म्हणालात, आता नमुना आणा.

नमुने मी आणले. आमच्या बाजूला ते पायलीचे पन्नास मिळतात. माझा भाऊ म्हणाला होता, "पलीकडे कोनाचं लगन हाये का? बँड वाजून राहिला." किराणावाला म्हणाला, "पलीकडच्या बाया आता संत्रा तोडाले येत नाई." शेजारीण म्हणाली, "पलीकडे लाइट हाये, आपलीच गेली." तुम्ही सगळे कागद नीट वाचलेत आणि बाजूला ठेवलेत.

"म्याडम, हे सगळे एकाच झाडाचे नमुने हायेत. एकाच झाडावरून वर्णन लिहू नये, असं तुमीच म्हनता ना?"

दुसऱ्या झाडाचा नमुना म्हणजे तुमच्या बाजूच्या कोणीतरी आमच्या बाजूला पलीकडे म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकायचं. मी म्हटलं, तुम्हीच आणा, तुम्ही तर रोज ऐकत असाल. "मी आनला तं तुमी म्हनान, घरचा साक्षीदार हाये." मी तसंच म्हटलं असतं हे खरं. मग मी कान देऊन बसायला लागले, तुमच्या घरी, विहाराच्या कार्यक्रमात, कोपऱ्यावरच्या दुकानात. कोणी म्हणेना. माझ्यासमोर सगळे म्हणायचे ‘तुमच्याइकडे’, ‘म्याडमच्या घराकडे’, ‘बागेकडे’. मी आले की तो शब्द कुठेतरी आत ठेवून देत असावेत. बाईला वाईट वाटेल, असं त्यांना वाटत असेल. एवढी वर्षं मी तुमच्या घरी जेवले, वहिनींच्या हातची आंबाडीची भाजी डब्यात मागून नेली, आणि रोजच्या वापरातला एक शब्द काही मला कोणी ऐकू देईना. याचा मला त्रास होत होता. तो तुम्हाला दिसत होता, म्हणूनच तुम्ही हट्ट सोडत नव्हता, असं मला आता वाटतं.

शेवटची भेट धड झाली नाही. बागांमध्ये आंबिया बहाराची तोडणी चालली होती, रपट्यावरून संत्र्याच्या गाड्या जाऊन राहिल्या होत्या. मी ठरवूनच आले होते. नमुना नाही तर शब्द नाही, पान काढून टाकू, असं मी म्हटलं.

"काढा," तुम्ही म्हणालात. "मंग कोशावर लिहा, का हा एकाच बाजूचा हाये."

मी उठले. चपला घालताना तुम्हाला हट्टी म्हटलं. तुम्ही दारापर्यंत आलात. "ऐकू येईन कधी तं. थांबा ना उलसाक." मी थांबले नाही. पुढच्या आठवड्यात प्रज्ञाचा फोन आला.

तुमचा मला राग आला आहे, सर. गेल्याचा नाही, ते तुमच्या हातात नव्हतं. अर्ध्या भांडणातून गेलात याचा. मी एकटी राहते, भावाच्या घराला लागून. रिटायर झाल्यावर ज्याला त्याला एकच काळजी होती, बाईचा टाइम कसा जात असेल. तुम्ही ते कधी विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, मी आत्ता जे बोलले त्याचा अर्थ काय, नक्की काय म्हणायचं आहे, याच शब्दाने का म्हणायचं आहे. फार वैताग यायचा. पण रोज कोणीतरी आपलं म्हणणं नीट समजून घेण्यासाठी इतकं भांडावं, हे माझ्या वाट्याला दुसऱ्या कोणाकडून आलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही त्याचाही नमुना मागितला असता.

आता कार्यक्रमातलं पुढचं ऐका.

भाषणं संपली आणि जेवणं सुरू झाली. गर्दी होती म्हणून मी मांडवाच्या कनातीला टेकून, मागच्या बाजूला खुर्चीवर बसले होते. हातात पाण्याचा ग्लास. कनातीच्या त्या अंगाला स्वयंपाकाची भांडी मांडली होती आणि बायका वाढायची तयारी करत होत्या. पांढऱ्या साडीतल्या सुजातावहिनी तिथे आल्या. त्या मला दिसत नव्हत्या, मी त्यांना दिसत नव्हते. रोजच्या आवाजात, कोणाला तरी काम सांगावं तसं त्या म्हणाल्या, "पलीकडच्या म्याडम राहिल्या ना वं अजून. सकाळपासून उपाशी हायेत. त्याइले पह्यले वाढा."

आधी वाईट वाटलं, ते लपवत नाही. इतक्या वर्षांनी त्या घरातही मी पलीकडचीच. मग कळलं की त्या बाईने नवरा गेल्यावर, एवढ्या गर्दीत, माझं उपाशी पोट लक्षात ठेवलं होतं आणि मला ओळखायला तिला हाच शब्द जवळचा होता. त्यात कडवटपणा कुठेच नव्हता. आणि मग एकदम आनंद झाला, सर. नमुना मिळाला. सहज बोललेला, न विचारता, दुसऱ्या झाडाचा. मी मान वर करून मांडवात तुम्हाला शोधलं, सांगायला. खरंच शोधलं. फोटोसमोरच्या मेणबत्त्या दिसल्या तेव्हा आठवलं. तुम्ही गेल्याचं मला प्रज्ञाच्या फोनने कळलं होतं, पण पटलं ते तिथे.

ताट आलं. थोड्या वेळाने वहिनी स्वतः येऊन शेजारी बसल्या. "काहून जेवून नाई राहिल्या?" त्यांनी विचारलं. मी जेवले. ऐकलेलं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी त्या सांभाळून बोलतील, आणि मला तो शब्द त्यांच्या तोंडून परत ऐकायचा आहे.

इथवर लिहून झालं आणि पान समोर घेतलं. दोन्ही झाडांचे नमुने एकाच कागदावर लावायचे ठरवलं. वर भावाचं बँडवालं वाक्य. त्याखाली वहिनींचं, शब्द न् शब्द जसं ऐकलं तसं. ठिकाण: सौंसर, तुमचं अंगण. छापलेलं छिंदवाडा मी खोडलं आणि पांढुर्णा लिहिलं, तुमच्याइतक्या ऐटीत नाही जमलं. गोळा करणाऱ्याच्या ओळीत तुमचं नाव आधी घातलं, मग माझं. ज्याने ऐकलं त्यानेच लिहायचं हा नियम मी पहिल्यांदा मोडला. ऐकलं मी होतं, पण ऐकायला बसवलं तुम्ही.

अर्थाची ओळ तेवढी उरली. पेन्सिलीचा जुना अर्थ पुसलेला असूनही वाचता येत होता: बोलणाऱ्यापासून दूरची बाजू. चूक नाही त्यात काही. परीक्षेत कोणी लिहिला असता तर मी पूर्ण गुण दिले असते. तो मी तसाच फिकट राहू दिला आणि त्याच्यावर शाईने लिहिलं. भावाच्या वाक्यापुढे: नाल्याची ती बाजू, जिथे सरांचं घर आहे. वहिनींच्या वाक्यापुढे: नाल्याची ती बाजू, जिथे माझं घर आहे.

पान प्रज्ञाला देऊन आले. तिने ते वाचलं आणि पिशवीत त्याच्या जागेवर लावलं. शब्द राहिला, सर. आता बोला.